दक्षिण टिरोल: सीमा जागेवरच राहिली, हिशेब बदलला

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाला खेटून असलेल्या दक्षिण टिरोल प्रांताचे नाव सीमावादांच्या चर्चेत हमखास निघते. दोन देशांनी समजूतदारपणा दाखवला, दोन भाषांनी एकमेकींना जागा दिली आणि भांडण मिटले, असे सांगितले जाते. हे सांगणे अर्धवट आहे. तिथे शांतता आली ती काही रुक्ष प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली म्हणून. प्रांताची हद्द कुठून जाणार, गोळा झालेल्या करातला किती वाटा इथेच राहणार, टपाल खात्यातली कारकुनाची जागा कोणाला मिळणार, असे ते प्रश्न होते. यातली हद्द आणि पैसा यांची उत्तरे आजही पक्की आहेत. नोकऱ्यांचे उत्तर मात्र जुने झाले आहे. माणसांना जन्मभाषेच्या गटांत मोजून जागा वाटण्याची पद्धत सैल करावी आणि प्रांताच्या अधिकारांना व तिजोरीला अजिबात हात लावू नये, अशी या लेखाची भूमिका आहे.

आधी भूगोल, कारण वादाची सुरुवातच भूगोलाच्या नावाखाली झाली. प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे 7,400 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडे कमी. लोकसंख्या सुमारे 5.3 लाख. निम्म्याहून अधिक भूभाग 1,500 मीटरच्या वर असल्यामुळे वस्ती, शेती, रस्ते, रेल्वे हे सगळे आदिजे, इसार्को आणि रिएन्त्सा या नद्यांच्या चिंचोळ्या खोऱ्यांत दाटलेले. उत्तरेला ब्रेनरची खिंड अवघी 1,370 मीटर उंचीची आहे. आल्प्स ओलांडायला इतकी सोपी वाट दुसरीकडे क्वचितच सापडते, आणि आजही वर्षाला 20 लाखांहून अधिक मालट्रक तिथून जातात. पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या बाजूने उतरण्याच्या बदल्यात 26 एप्रिल 1915 च्या लंडन करारात इटलीला ही खिंड कबूल केली गेली. 1919 च्या सेंट-जर्मेन तहाने ती मिळाली आणि 1920 मध्ये प्रदेश रीतसर सामील झाला. युक्तिवाद पाणलोटाचा होता. जिथले पाणी एड्रियाटिक समुद्राला जाते ती भूमी इटलीची, असे म्हटले गेले. त्या भूमीवर राहणारे लोक जवळजवळ सगळे जर्मन बोलत होते. 1910 मध्ये इटालियन भाषकांचे प्रमाण तिथे 3 टक्क्यांच्या आसपास होते.

हा पाणलोटाचा नियमही पुरता पाळला गेला नाही. पूर्वेकडे पुस्टर खोऱ्यात टोब्लाखजवळ खरा जलविभाजक आहे. त्याच्या पलीकडच्या इनिखेन आणि झेक्स्टन या गावांचे पाणी द्रावा नदीतून डॅन्यूबला आणि काळ्या समुद्राला जाते. तरीही ही गावे इटलीत आहेत. उलट बाजूने ऑस्ट्रियाच्या टिरोल राज्याचे दोन तुकडे झाले. लिएन्झ जिल्ह्याला त्याच राज्याचा उरलेला भाग कुठेच चिकटत नाही. लिएन्झहून राजधानी इन्सब्रुकला जाणाऱ्या गाड्या कित्येक दशके इटलीच्या हद्दीतून धावत होत्या. निसर्गाने आखलेली म्हणून मिरवली जाणारी सीमा किती माणसाने आखलेली असते, हे पाहायला या खोऱ्याचा नकाशा पुरेसा आहे.

दोन देशांमधल्या सीमेइतकीच, कदाचित तिच्याहून जास्त, देशाच्या आतली प्रशासकीय रेघ महत्त्वाची ठरली. आधी हा सगळा भाग दक्षिणेकडच्या त्रेंतोच्या इटालियनबहुल प्रांतात कोंबला होता. राजधानी बोल्झानोच्या नावाने आजचा वेगळा प्रांत 1927 मध्ये झाला, आणि सालोर्नोच्या अरुंद घळीच्या वरची काही जर्मन भाषक गावे 1948 पर्यंत त्रेंतोकडेच राहिली. लादिन भाषकांची वाट अधिक वाईट लागली. दोलोमाइट डोंगरांतल्या या लहान समाजाला फॅसिस्ट राजवटीने तीन प्रांतांत वाटून टाकले: गार्देना आणि बादिया ही खोरी बोल्झानोकडे, फास्सा त्रेंतोकडे, आणि कोर्तिना दाम्पेझ्झो, लिविनालोंगो, कोल्ले सांता लुचिया ही गावे बेल्लुनोकडे. कुठेही एकगठ्ठा राहिले नाहीत, म्हणून कुठेही त्यांचे वजन पडले नाही.

फॅसिस्ट काळाबद्दल थोडक्यात एवढेच: 1923 मध्ये इटालियनीकरणाचे पुरस्कर्ते एत्तोरे तोलोमेई यांनी बोल्झानोत 32 कलमी कार्यक्रम जाहीर केला, जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावे बदलली, आणि 1930 च्या दशकात बोल्झानोत औद्योगिक वसाहत उभारून इटलीच्या इतर भागांतून कामगार आणले गेले. 1939 मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी लोकांसमोर निवड ठेवली: जर्मनीला जा, किंवा राहा आणि इटालियन व्हा. 80 टक्क्यांहून अधिक लोकांनी जाण्याचा पर्याय निवडला. युद्धामुळे प्रत्यक्षात सुमारे 75,000 च गेले. घराघरांत राहणारे आणि जाणारे अशी फूट पडली, आणि तिची झळ पुढे दोन पिढ्यांना लागली.

युद्धानंतर सीमा हलली नाही. 5 सप्टेंबर 1946 रोजी पॅरिसमध्ये ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर आणि इटलीचे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी यांनी जेमतेम दोन पानांचा करार केला. जर्मन भाषकांना स्वायत्तता, मातृभाषेत शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याचे वचन त्यात होते. तो इटलीच्या शांतता तहाला जोडला गेल्यामुळे प्रश्न इटलीची अंतर्गत बाब राहिला नाही. पुढे सगळी भिस्त याच कागदावर राहिली.

पण 1948 च्या पहिल्या स्वायत्तता कायद्याने वचन दिल्यासारखे केले आणि काढून घेतले. स्वायत्तता बोल्झानो प्रांताला न देता त्रेंतो आणि बोल्झानो मिळून केलेल्या प्रदेशाला दिली, आणि त्या प्रदेशात इटालियन भाषकांचे स्पष्ट बहुमत होते. शेती, उद्योग, गृहनिर्माण यांचे निर्णय त्रेंतोत होऊ लागले. कायद्याच्या 14 व्या कलमात प्रदेशाने आपले प्रशासकीय काम प्रांतांकडे सोपवावे असे म्हटले होते, पण सोपवणे प्रदेशाच्या मर्जीवर राहिले आणि मर्जी काही झाली नाही. अल्पसंख्याकांना अधिकार द्यायचे, पण ज्या चौकटीत ते पुन्हा अल्पसंख्य होतील अशा चौकटीतून द्यायचे, हा डाव कुठल्याही सीमाभागात ओळखता आला पाहिजे.

1957 मध्ये रोमने बोल्झानोत 5,000 घरे बांधण्याची योजना जाहीर केली. ही घरे बाहेरून येणाऱ्यांसाठी आहेत हे सगळ्यांना कळत होते. 17 नोव्हेंबर 1957 रोजी सिग्मुंड्सक्रोनच्या किल्ल्यात सुमारे 35,000 माणसे जमली. जर्मन भाषकांच्या पक्षाचे नेते सिल्वियस माग्नागो यांनी तिथे घोषणा दिली ती त्रेंतोपासून वेगळे होण्याची. इटलीपासून वेगळे होण्याची मागणी त्यांनी केली नाही. हा फरक फार मोलाचा होता, कारण पहिली मागणी वाटाघाटीत बसत होती आणि दुसरी बसत नव्हती. ऑस्ट्रियाने 1960 आणि 1961 मध्ये संयुक्त राष्ट्रांत विषय नेला. 11 आणि 12 जून 1961 च्या मधल्या रात्री विजेचे 37 मनोरे उडवले गेले. त्यानंतरची काही वर्षे रक्तपाताची गेली. 19 सदस्यांची समिती बसली, आणि 137 उपायांचे पॅकेज तयार झाले. मेरान इथे याच पक्षाच्या अधिवेशनात नोव्हेंबर 1969 मध्ये ते 52.8 टक्के मतांनी, म्हणजे काठावर, मंजूर झाले. दुसरा स्वायत्तता कायदा 1972 चा. अंमलबजावणीला आणखी 20 वर्षे लागली, आणि 1992 मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले.

या पॅकेजमध्ये काम केले ते पैशाने. प्रांतात जमा होणाऱ्या बहुतेक करांचा नऊ दशांश भाग प्रांताकडे राहतो. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती, पर्यटन, गृहनिर्माण यांचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. प्रांताचा वार्षिक अर्थसंकल्प 6 अब्ज युरोंहून मोठा आहे. अनुदानासाठी दर वर्षी राजधानीचे उंबरठे झिजवावे लागत असते, तर कागदावरच्या स्वायत्ततेला काही अर्थ उरला नसता. त्यातही सामाजिक आणि सांस्कृतिक खर्चाची वाटणी गटांच्या संख्येसोबत गरजेनुसारही करावी, असे स्वायत्तता कायद्याचे 15 वे कलम सांगते.

कायदा करण्याची रीतही तितकीच विचारपूर्वक बसवली आहे. स्वायत्तता कायद्याचे अंमलबजावणी नियम संसदेत बनत नाहीत. राज्याचे तीन आणि प्रांताचे तीन अशा सहा जणांच्या समितीचे मत घेऊन सरकार ते काढते, आणि साधा कायदा करून ते बदलता येत नाहीत. प्रांताच्या 35 सदस्यांच्या विधिमंडळात एखादे विधेयक आपल्या गटाच्या हक्कावर घाला घालते असे वाटले, तर त्या गटाच्या सदस्यांचे बहुमत गटवार मतदान मागू शकते आणि पुढे घटनात्मक न्यायालयात जाऊ शकते. मंत्रिमंडळात गटांचा वाटा विधिमंडळातल्या त्यांच्या प्रमाणात असतो. नगरपालिकेत एखाद्या गटाचे किमान दोन नगरसेवक असतील, तर कार्यकारिणीत त्याला स्थान मागता येते. विधिमंडळ निवडणुकीत मत द्यायचे तर चार वर्षे सलग वास्तव्य लागते. निवडणुकीपुरती माणसे आणून बसवण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो.

आता नोकऱ्यांकडे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रांतातली केंद्र सरकारची कार्यालये, रेल्वे आणि टपाल जवळजवळ संपूर्णपणे इटालियन भाषकांच्या हातात होती. खिडकीपलीकडच्या माणसाला जर्मन येत नसे, आणि शेतकऱ्याला स्वतःच्या गावात दुभाषा शोधावा लागे. 1976 च्या हुकमाने प्रमाण ठरवले. सैन्य आणि पोलीस वगळता सरकारी जागा जनगणनेतल्या गटांच्या टक्केवारीनुसार, 30 वर्षांत टप्प्याटप्प्याने भरायच्या. 2011 ची टक्केवारी अशी: जर्मन 69.41, इटालियन 26.06, लादिन 4.53. समजा 20 जागा निघाल्या. गणिताने 14 जर्मन, 5 इटालियन आणि 1 लादिन असे होते. जागा 3 निघाल्या तर 2 जर्मन, 1 इटालियन, लादिनांना शून्य. म्हणून हिशेब एका भरतीचा न ठेवता वर्षानुवर्षांचा ठेवावा लागतो. एखाद्या गटात लायक उमेदवार मिळाला नाही तर जागा रिकामी राहते किंवा दुसऱ्या गटाकडे वळते, आणि पुढच्या भरतीत ती उधारी फेडण्याचा प्रश्न येतो.

या गणितासाठी माणसाला स्वतःचा गट जाहीर करावा लागतो. अठरा पूर्ण झाल्यावर अर्जावर जर्मन, इटालियन किंवा लादिन यांपैकी एकावर खूण करायची. मी कशातच बसत नाही असे म्हणणाऱ्यालाही तीनपैकी एका गटाला स्वतःला जोडून घ्यावे लागते. कागद बंद लिफाफ्यात बोल्झानोच्या न्यायालयात राहतो. सरकारी नोकरी किंवा अनुदानित घर हवे असेल तेव्हा त्याचा दाखला काढायचा. घोषणा बदलायची तर पाच वर्षे थांबावे लागते, आणि बदल लगेच लागू होत नाही. ऐन भरतीच्या वेळी सोयीचा गट निवडता येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

या मोजणीच्या शेजारी दुसरी, अगदी वेगळी अट उभी आहे: द्विभाषा परीक्षा. कामाच्या दर्जानुसार चार पातळ्या आहेत. पदवी लागणाऱ्या पदांना सी-1, त्याखाली बी-2, बी-1, आणि सर्वांत साध्या कामांना ए-2. उत्तीर्ण झालेल्याला पगारात द्विभाषा भत्ता मिळतो. उमेदवाराने घरी कोणती भाषा बोलावी याच्याशी परीक्षेला काही देणेघेणे नाही. काउंटरवर आलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येते का, एवढेच ती तपासते. न्यायालयांतही तेच तत्त्व चालते. आरोपीच्या भाषेत खटला चालतो. बोल्झानो प्रांतात दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलेला एक ऑस्ट्रियन ट्रकचालक आणि बंदी असलेला सुरा बाळगल्याबद्दल पकडलेला एक जर्मन पर्यटक यांनी आपलाही खटला जर्मनमध्ये चालवा अशी मागणी केली. 1998 मध्ये युरोपीय न्यायालयाने ती मान्य केली. मग 2000 मध्ये त्याच न्यायालयाने एका बँकेच्या प्रकरणात सांगितले की फक्त बोल्झानोचे प्रमाणपत्र मागणे भेदभाव ठरतो. त्यानंतर इतर मान्यताप्राप्त भाषा प्रमाणपत्रेही स्वीकारली जाऊ लागली. परीक्षेचा दर्जा त्याने घसरला नाही, आणि संरक्षणही कमी झाले नाही.

लेखाचा मुद्दा इथेच आहे. भाषेचे रक्षण परीक्षा करते. प्रमाणाने 1972 चा अन्याय दुरुस्त करायचा होता, आणि ते काम ठरलेल्या तीस वर्षांत बऱ्याच अंशी झाले. आज दवाखान्यांना परिचारिका आणि डॉक्टर मिळत नाहीत. परीक्षा दिलेली नसलेल्या डॉक्टरांना तात्पुरत्या करारावर घ्यावे लागते. अशा वेळी उमेदवार दोन्ही भाषा उत्तम बोलत असेल, तर त्याच्या लिफाफ्यात काय आहे याला महत्त्व राहू नये. आई जर्मन आणि वडील इटालियन अशा घरातल्या मुलाला एकाच चौकटीवर खूण करायला लावणे हे तर उघडच अपुरे आहे. लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा परदेशी नागरिकांचा आहे. त्यांची मुले उद्या मतदार आणि उमेदवार होतील, आणि 1972 च्या चौकटीत त्यांना जागाच नाही.

सर्वांत जास्त ताण बोल्झानोच्या शाळांत दिसतो. प्रांतातल्या 116 नगरपालिकांपैकी 2011 मध्ये 103 जर्मनबहुल, 8 लादिनबहुल आणि 5 इटालियनबहुल होत्या. त्या पाचांत एक लाखाहून अधिक लोकांचे बोल्झानो शहर येते, आणि तिथे 2011 मध्ये 73.8 टक्के लोक इटालियन गटाचे होते. कायद्याच्या 19 व्या कलमानुसार जर्मन आणि इटालियन शाळा वेगळ्या, शिक्षक त्या त्या भाषेचे, दुसरी भाषा हा सक्तीचा विषय. पण शाळा कोणती निवडायची हे पालक ठरवतात. मुलाला जर्मन चांगले यावे म्हणून इटालियन आणि स्थलांतरित पालक जर्मन बालवाडीत घालतात. वर्गात जर्मन बोलणारी मुले कमी पडतात, मग शिक्षकाची भाषा वगळता सगळे खेळणे-भांडणे इटालियनमध्ये होते, आणि ज्या भाषेसाठी मुलाला पाठवले ती त्याला मिळत नाही. जर्मन पालक घाबरून गावाबाहेरच्या शाळा शोधतात. 2024 मध्ये शहरातल्या एका जर्मन प्राथमिक शाळेने जर्मन न येणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग करायचे ठरवले आणि वाद पेटला. शाळा प्रशासनाने तो वर्ग होऊ दिला नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, आणि मूळ अडचण तशीच राहिली.

उपाय त्याच प्रांतात आहे. लादिन खोऱ्यांत 1948 पासून अर्धे विषय जर्मनमध्ये, अर्धे इटालियनमध्ये आणि लादिन भाषा सोबत, अशा शाळा चालतात. त्यामुळे लादिन मेली नाही आणि मुले तीन भाषांत वावरतात. बोल्झानो आणि लाइवेस इथे अशी समान वाट्याची शाळा तिसरा पर्याय म्हणून, पूर्णपणे ऐच्छिक, दोन्ही शिक्षण कार्यालयांच्या संयुक्त देखरेखीखाली सुरू करता येईल. सध्याच्या जर्मन शाळांवरचा भार त्याने कमी होईल. ज्यांना फक्त जर्मन शाळा हवी त्यांची शाळा जर्मनच राहील.

जर्मन भाषकांची भीती पोकळ नाही. 1961 मध्ये इटालियन भाषकांचे प्रमाण 34.3 टक्क्यांवर पोहोचले होते, म्हणजे 50 वर्षांत 3 वरून 34. फ्रान्सच्या अल्सासमध्ये वेगळ्या शाळा नव्हत्या, कोटा नव्हता, आणि तिथली जर्मन बोली फ्रेंचपुढे एका माणसाच्या आयुष्यात आटली. मिश्र शाळा ही त्या उतरणीची पहिली पायरी आहे असे त्यांना वाटते. पण अल्साससारख्या प्रदेशांकडे कर राखण्याचा अधिकार नव्हता, कायदा रोखण्याचा अधिकार नव्हता, भाषेची परीक्षा सक्तीची नव्हती. दक्षिण टिरोलकडे हे तिन्ही आहे. म्हणून मागणी तेवढीच ठेवावी: आरोग्य, वृद्धसेवा, बालवाडी आणि तांत्रिक पदांवर गटाची घोषणा काढावी, परीक्षा ठेवावी. विधिमंडळ, मंत्रिमंडळ आणि न्यायव्यवस्था यांतला गटांचा वाटा तसाच राहू द्यावा. घोषणापत्रात दोन गट एकत्र लिहिण्याची मुभा द्यावी.

बेळगाव, निपाणी, कारवार या नावांसोबत वाढलेल्या मराठी वाचकाने तुलना जपून करावी. दक्षिण टिरोलमध्ये दोन सार्वभौम देश आणि आंतरराष्ट्रीय करार होता. इथे एकाच संघराज्यातली दोन राज्ये आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा आहे. पण हद्दीचा दावा आणि रोजच्या व्यवहाराचा दावा वेगवेगळे लढवता येतात, हे बोल्झानोने दाखवले. जिथे भाषिक अल्पसंख्य 15 ते 20 टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, असे 1956 चे केंद्राचे निवेदनच सांगते. आपल्या सभांत 865 गावांची यादी वाचली जाते. नगरपालिकेची नोटीस, जमिनीचा उतारा, शाळेतला शिक्षक यांची गावनिहाय यादीही तितक्याच आवेशाने वाचली गेली पाहिजे.

लादिनांचा प्रश्न मात्र नोकरीच्या कोट्याने सुटत नाही. सुमारे साडेचार टक्क्यांना 20 जागांत एक जागा मिळते, आणि बेल्लुनो प्रांतातल्या लादिनांना तीही मिळत नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये कोर्तिना, लिविनालोंगो आणि कोल्ले सांता लुचिया या तिन्ही गावांनी त्रेंतिनो-आल्तो आदिजे, म्हणजे त्रेंतो आणि बोल्झानो मिळून झालेल्या प्रदेशात जाण्याच्या बाजूने कौल दिला. इटलीच्या राज्यघटनेच्या 132 व्या कलमानुसार अशा कौलानंतर दोन्ही प्रादेशिक परिषदांचे मत घेऊन संसदेने कायदा करायचा असतो. तो कायदा झालेला नाही. बोल्झानोचे पुढारी कोट्याच्या दशांशांवर वर्षानुवर्षे घासाघीस करतात. त्यांनी आणि रोमने तेवढाच वेळ या तीन गावांच्या विधेयकाला दिला, तर 1920 च्या दशकात तीन तुकडे केलेल्या एका समाजाचे तिन्ही तुकडे निदान एका प्रदेशाच्या चौकटीत येतील.